तिखट कुत्रं

पिल्लू माझ्या माहेरून आलं. चांदूर बाजारला वडिलांच्या गोठ्यात कुत्री व्याली होती. त्यातलं काळं, पांढऱ्या पायांचं एक पिल्लू वडिलांनी खोक्यात घालून एसटीनं आणून दिलं. माझे सासरे खोक्यात डोकावले आणि म्हणाले, "घरचं झालं थोडं अन् याह्यानं धाडलं घोडं." पण हे म्हणताना त्यांचा हात आधीच खोक्यात गेला होता.

नवरा आठवडाभर नोकरीसाठी अकोल्याला खोली करून राहतो, शनिवारी येतो. मी राजापेठेतल्या एका लॅबमध्ये रक्त काढते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा, मूठ आवळा म्हणायचं, सुई खुपसायची. त्यामुळे दिवसभर घरी सासरे एकटेच असतात. त्यांना मी मामाजी म्हणते. पिल्लू येण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात भरदुपारी एक माणूस तोंडाला दुपट्टा बांधून घरात शिरला होता. त्या दिवसांत अमरावतीत सगळेच तोंड बांधून फिरतात, शेजारच्यांनी पाहूनही ओळखायचं काय? त्यानं मामाजींना मारलं आणि गेलेल्या सासूबाईंची सोन्याची पोत नेली. मामाजी आम्हाला एवढंच म्हणाले, "धक्का मारला अन् पयाला." गाल सुजलेला होता, तरी दुसरा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही.

म्हणून मी कुत्रं मागितलं होतं. घरात काहीतरी जिवंत हवं, भुंकणारं हवं, चावणारं नको. नवऱ्यानं पहिल्याच शनिवारी बजावलं, "एकाले जरी चावला ना, तं भातकुलीच्या वावरात नेऊन साखळीनं बांधून टाकीन. मंग रडू नको." वावरात बांधलेल्या कुत्र्याचं काय होतं ते मला माहीत आहे. तिथं माणूस येतो तेव्हा भाकर पडते, नाही आला तर नाही.

दुसऱ्याच आठवड्यात मी लॅबमधून आले तर मागच्या अंगणात फरशीवर रक्त होतं. पिल्लू चुलीपाशी पडून थरथरत होतं. दोन्ही कानांची टोकं गेली होती. मामाजी विळा धूत होते. रक्ताला मी भीत नाही, दिवसभर तेच तर करते. पण त्या दिवशी मला फरशीकडे बघवेना.

"कान कापले का कुत्रं तिखट निघते," ते शांतपणे म्हणाले. "आमच्या बापानं सगळ्या कुत्र्यायचे कापले. अन् याचे तुकडे म्या भाकरीत घालून यालेच चारले. आता पाह्य कसा निंगते."

सुनेनं सासऱ्यावर ओरडू नये तशी मी ओरडले. त्यांना कसाई म्हणाले. हातातलं टिफिन भिंतीवर फेकलं, डाळीचा डाग अजून तिथं आहे. ते विळा धूत राहिले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर सुंभही जळत नव्हता. मी पिल्लाच्या कानांना औषध लावलं तेव्हा ते माझ्या बोटाला चावलं नाही, चाटत राहिलं. त्याचाच मला जास्त राग आला. अरे, चाव ना एकदा!

मग मी पेटलेच. जेवणाच्या सुट्टीत स्कूटी काढायची, ट्यूशनच्या पोरांच्या सायकली आणि हातगाड्या चुकवत घर गाठायचं, पिल्लाला अंगणात फिरवायचं, उभ्यानं दोन घास खाऊन परत पळायचं. मोबाईलवर व्हिडिओ बघून मी त्याला शिकवायचे. त्यातली कुत्री गालिचावर बसलेली, आमचं शेणानं सारवलेल्या कोपऱ्यात. "थांब" म्हटलं की थांबायचं, "खाली" म्हटलं की पोट जमिनीला लावून पडायचं, आणि पडलं की भाकरीचा तुकडा. महिन्याभरात ते "खाली" इतकं छान शिकलं की माझी मान ताठ झाली. मामाजी ओट्यावरून बघायचे. "कुत्रं वाढवून राहिली का पाव्हणा? उद्या चोर आला तं त्याच्यापुढं निजीन हे."

मी म्हणायचे, निजू द्या. रोज सुट्टीत येऊन त्याला मी प्रेमानं मऊ करत होते. मी परत गेल्यावर तिथं काय चालतं ते मला ठाऊक नव्हतं.

उन्हाळा आला. कुत्रं आता गुडघ्याच्या वर गेलं होतं, छाती भरली होती, तुटक्या कानांमुळे चेहरा कायम रागावल्यासारखा दिसायचा. एका दुपारी लॅबमधली लाइट गेली, ती येण्याचं चिन्ह दिसेना, म्हणून मी लवकर घरी आले. ऊन असं की स्कूटीच्या सीटवर बसवेना. एरवी मी फाटकातच दुपट्टा सोडते, तोंड दिसलं की कुत्रं शेपटी हलवत येतं. त्या दिवशी फाटकातूनच मागच्या अंगणातला आवाज ऐकू आला.

"मेलो रे! वाचव रे! मेलो!"

मी तशीच तोंड बांधलेली धावले. मामाजी जमिनीवर आडवे पडले होते, हात डोक्यावर घेतलेले. मला वाटलं, पडले, हार्ट अटॅक आला. मी त्यांच्यावर वाकले, खांद्याला हात लावला आणि त्याच क्षणी बाजूनं काळं काहीतरी माझ्यावर कोसळलं. दात उजव्या हातात, कोपराच्या खाली, हाडापर्यंत. ते सोडत नव्हतं. डोकं झटकत माझा हात फाडत होतं आणि गुरगुरण्याचा आवाज मला माझ्याच पोटातून आल्यासारखा वाटला.

मग भिंतीला टेकवलेलं बुजगावणं दिसलं. कडब्यानं भरलेलं पोतं, त्याला नवऱ्याचा जुना शर्ट, आणि तोंडाला माझाच फाटका दुपट्टा. नंतर मामाजींनीच सगळं सांगितलं. मी गेले की ते रोज त्या पोत्याला उभं करायचे, त्याच्यापुढं स्वतःला जमिनीवर टाकायचे आणि ओरडायचे. कुत्र्यानं पोतं फाडलं की भाकर आणि मिरचीचा ठेचा. रोज दुपारी, न चुकता, ते पुन्हा तसेच पडायचे. कुत्रं बिचारं जे शिकलं तेच त्यानं केलं.

दुपट्टा सुटला, माझा वास त्याला आला असेल, तोंड दिसलं असेल. त्यानं सोडलं. मागं सरलं, कान खाली, आणि कण्हायला लागलं.

मामाजी उठले ते काठी घेऊनच. बाभळीची, गाठीगाठीची. "घरच्या लक्षुमीले चावला! हरामखोरा!" पहिला वार पाठीवर बसला, दुसरा तोंडावर. कुत्र्यानं दात दाखवले. मला वाटलं आता हे म्हाताऱ्याचा गळा धरणार. माझ्या तोंडून निघून गेलं, "खाली!"

आणि ते खाली पडलं. पोट जमिनीला लावून, शिकवल्यासारखं, माझ्याकडे बघत. काठी पडतच राहिली. एक, अजून एक, अजून. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ते उठलं नाही, कारण मी "ऊठ" म्हटलं नव्हतं. मी ओरडायचं विसरले होते. शेवटी मीच त्याच्यावर जाऊन पडले, एक काठी माझ्या पाठीवरही बसली, तेव्हा मामाजी थांबले. काठी टाकून ते मटकन बसले आणि ढसाढसा रडायला लागले. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, सासूबाई गेल्या तेव्हाही ते असे रडले नव्हते.

"त्याले मारू नका मामाजी," मी म्हणाले. "थो तुमालेच वाचवून राहिला होता."

माझ्या हाताला टाके पडले, इंजेक्शनं झाली. कुत्र्याच्या मागच्या पायाला प्लॅस्टर झालं. शनिवारी नवऱ्यानं माझा हात बघितला. विचारलं, कोण? मामाजी भिंतीकडे बघत होते. मी म्हणाले, "रस्त्यावरचं एक कुत्रं. आपलं वाचवाले धावलं तं गाडीखाली आलं." खोटं बोलताना माझा आवाज हलला नाही. कुत्रं वावरात गेलं नाही.

प्लॅस्टर निघालं त्या दिवशी मामाजींनी दुधात भाकर कुस्करली, वाटी घेऊन ते जमिनीवर मांडी घालून बसले आणि हात पुढं केला. "ये रे बाप्पा. ये लेकरा." कुत्रं तो हात बघून भिंतीला चिकटलं. सरकायला जागा उरली नाही तेव्हा ते थरथरलं आणि त्याच्याखाली मुताचं थारोळं पसरत मामाजींच्या धोतरापर्यंत आलं.

मी फडकं आणायला उठले. मामाजींनी हातानं थांबवलं. ते धोतर न सावरता तसेच बसून राहिले.

"त्या दिवशी त्या चोरानं मारलं ना, बाई," ते म्हणाले, "तवा मलेबी असंच झालं होतं."

मग त्यांनीच उठून फडकं घेतलं आणि लांबूनच, त्याच्याकडे न बघता, फरशी पुसायला लागले.