अवसेला पाहिलेली जागा

पुण्याहून सुटलेली एसटी खोपोलीवरून पेणच्या स्थानकात शिरली तेव्हा दहा वाजले होते, आणि शेजारच्या बाईंनी तोवर माझ्याकडून बरंच काढून घेतलं होतं. मी फार बोलत नाही. तरी नाव, गाव, लग्न आणि पगार यांपैकी तीन गोष्टी त्यांना घाट लागायच्या आतच कळल्या. काम मात्र मला समजावता येईना. "दुसऱ्या कंपन्यांचे कॉम्प्युटर आम्ही आमच्या इमारतीत ठेवून घेतो. त्यांना चोवीस तास वीज, थंड हवा आणि इंटरनेट द्यायचं. त्यासाठी जागा बघायला चाललेय."

"म्हणजे कॉम्प्युटरचं कोल्ड स्टोरेज," बाई म्हणाल्या.

पुढचे सहा दिवस मी हेच वाक्य वापरलं.

मोठ्या शहरातल्या जागा परवडेनात म्हणून आमची कंपनी लहान गाव शोधत होती. यादी गाळता गाळता पेण आणि रोहा उरले होते. खरं तर पेण ठरल्यातच जमा होतं. आमचा सर्व्हेअर तिथे तीनदा जाऊन आला होता. आमचे वरिष्ठ श्रीधर सर म्हणाले होते, "रविवारी जा, मंगळवारी परत ये, शुक्रवारी बारा वाजता मीटिंगमध्ये शिफारस मांड." अहवालावर पहिल्यांदाच एकटीचं माझं नाव जाणार होतं. ठरलेल्या गोष्टीला दुजोरा द्यायचा, त्यात भिण्यासारखं काय, असं मी स्वतःला बजावलं होतं.

जागेचे दलाल विष्णूकाका स्थानकावर गाडी घेऊन आले होते. कपाळाला गंध, खिशात छोटं पंचांग, आणि डॅशबोर्डवर दत्ताची तसबीर. डोलवीच्या अलीकडे हायवे सोडून आम्ही एका कच्च्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातखाचरं, पलीकडे खाडीचा बांध, त्याच्यावर बगळे. जागा थोड्या उंचवट्यावर होती. सपाट, कोरडी, वीजवाहिनी जवळ, हायवे जवळ, फोनला पूर्ण रेंज. माझ्या तक्त्यात एकामागून एक बरोबरच्या खुणा पडत गेल्या.

काका फोनवर बोलायला लांब गेले, तेव्हा बांधाखालच्या चिखलातून एक बाई वर आल्या. हातात लोखंडी आकडा, कमरेला टोपली, नऊवारी गुडघ्याच्या वर खोचलेली. नाव ठकूबाई. त्या चिंबोऱ्या (खाडीतले खेकडे) धरत होत्या.

"जागा घेतंस काय गो?"

"बघतेय, मावशी."

"सगली बघतान. आन् सगली भांगालाच येतान." भांग म्हणजे अष्टमी ते एकादशीच्या आसपासची मंद भरती, हे मला मागाहून कळलं. मावशींनी रस्त्याकडे बोट केलं. "आज दशमी. आज पानी लाजतंय. अवसेला ये, मंग बघ."

मी पाणी किती वाजता येतं ते विचारलं. मावशींनी हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट करायची. दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे दशमीची भरती साडेसातला. अवसेचे पंधरा धरायचे. पंधराची पाऊणपट मला तोंडी येईना, म्हणून मी मोबाईल काढला.

"शाळा शिकलीस ना?" मावशी म्हणाल्या. "सव्वाअकरा. वर खाडीत आत यायला तासभर."

काका परत आले तशा त्या बांधामागे उतरून गेल्या. मी काकांना पाण्याबद्दल विचारलं. "पाणी? छे. वीस वर्षं दाखवतोय ही जागा. एकदापण पाणी बघितलं नाय," काका म्हणाले. ते खोटं बोलत आहेत असं मला अजिबात वाटलं नाही. आणि ते खोटं बोलत नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी पॅसेंजरने रोह्याला गेले. डबा अर्धा रिकामा होता. समोर एक जोडपं पावट्याच्या शेंगा सोलत बसलं होतं, आणि नागोठणे येईपर्यंत दोघांत एक शब्द झाला नाही. मला त्यांचा फार हेवा वाटला.

रोह्याची जागा गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी, कातळावर. दिसायला पेणपेक्षा डावी. इंटरनेटची दुसरी केबल लांबून ओढावी लागणार होती. शिवाय कारखान्यांच्या बाजूने वाऱ्यावर कसलासा उग्र वास येतो असं ऐकलं होतं, आणि तशा हवेत यंत्रांचे तांब्याचे भाग खराब होतात. म्हणून मी जवळच्या चहाच्या टपरीवर तासभर बसले. शेवटी टपरीवाल्यांनीच विचारलं, "ताई, चौथा चहा. कोणाची वाट बघताय?"

"वासाची," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाले, "तो इकडं नाय येत. वारा फिरला की नदीपल्याड जातो. पण पायजे असेल तर रिक्षा सांगतो."

मंगळवारी परत निघायच्या आधी मी अहवाल लिहायला बसले. रोह्यात ओळखीच्या शैलाकाकूंच्या घरी वरच्या खोलीत उतरले होते. 'शिफारस: पेण' एवढं लिहिलं आणि मावशींचं 'अवसेला ये' आठवलं. विष्णूकाकांना फोन लावला. म्हटलं, शुक्रवारी जागा पुन्हा दाखवाल का?

"शुक्रवारी? शुक्रवारी अमावास्या. अमावास्येला मी जागा दाखवत नाय. आधीचे दोन दिवस नाय, नंतरचे दोन दिवस नाय. व्यवहार टिकत नाय मग."

"आणि पौर्णिमेला?"

"पौर्णिमेला मी दत्ताला जातो ना. चार-पाच दिवस धरूनच चाला."

फोन ठेवला आणि सर्व्हेअरच्या फोटोंच्या तारखा काढल्या. काकूंच्या स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारी कॅलेंडर होतं. मी एकेक तारीख वाचत होते आणि काकू कांदा चिरता चिरता तिथी सांगत होत्या. "नवमी. ही एकादशी. ही अष्टमी. पत्रिका बघतेयस का कोणाची?"

"जमिनीची," मी म्हणाले.

काकांनी काही लपवलं नव्हतं. ज्या दिवसांत खाडीला उधाण येतं, नेमके तेच दिवस त्यांनी देवासाठी आणि शकुनासाठी बाजूला ठेवले होते. वीस वर्षांत त्यांनी ती जागा उधाणात पाहिलीच नव्हती, आणि त्यांच्या कुठल्याच गिऱ्हाइकाने पाहिली नव्हती. पण हे सगळं तेव्हा फक्त माझ्या डोक्यात होतं. एका बाईच्या बोलण्यावर आणि एका कॅलेंडरवर मी सरांना काय सांगणार? 'अजून एक पाहणी बाकी आहे, शुक्रवारी तिथूनच ऑनलाइन मीटिंगला येते,' असा निरोप पाठवला. उत्तर आलं: 'ठीक. पण निर्णय शुक्रवारीच.'

मधले दोन दिवस काकूंनी मला वाया जाऊ दिले नाहीत. बुधवारी संध्याकाळी परसात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी आणि बटाटे भरायचे, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. मडकं शिजलं की नाही हे त्याच्यावर पाणी शिंपडून ओळखतात. चर्र झालं की उतरवायचं. शेजारपाजारचे दहाजण जमले. "खा गो, लाजतेस काय? शेंगांना तुझं नाव माहीत नाय," एक आजोबा म्हणाले. मी इतकं खाल्लं की गुरुवारचा दिवस पेणजवळच्या जोह्याला गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यांतून नुसतं चालत काढला. कुठल्याच गणपतीला अजून डोळे नव्हते, हे माझ्यासारखीला सोयीचं वाटलं.

शुक्रवारी अकराला रिक्षाने मला जागेवर सोडलं. रस्ता कोरडा ठणठणीत होता. "घ्यायला कधी येऊ?" रिक्षावाले म्हणाले. एक वाजता या, म्हटलं. ते हसले आणि म्हणाले, "तीनला येतो."

साडेअकरापर्यंत काहीच झालं नाही. मला माझीच लाज वाटू लागली. मग बांधाच्या मोडक्या उघाडीतून (खाडीचं पाणी अडवायच्या दारातून) एक चपटी, तपकिरी रेघ आत आली. तिला कसलीच घाई नव्हती. तिने आधी कडेचा चर भरला, मग गाडीच्या चाकोऱ्या, मग दोन चाकोऱ्यांमधलं गवत. बाराला दहा कमी असताना हायवेपर्यंतच्या रस्त्याचा बराचसा भाग दिसेनासा झाला. उंचवट्यावर मी, माझा लॅपटॉप, आणि बांधावरून भरल्या टोपलीनिशी चालत येणाऱ्या ठकूमावशी.

"आलीस," त्या म्हणाल्या, समोरची आपली खाचरं दाखवली आणि शेजारी बसल्या.

मीटिंग फोनवर सुरू झाली. मी मीटिंगमध्ये कधी कॅमेरा लावत नाही. बोलायचं असलं तरी आधी लिहून ठेवते. लिहिलेलं होतंही. सर म्हणाले, "हं, पेण फायनल ना?" माझ्या कागदावर पहिलं वाक्य होतं 'काही मुद्दे विचारात घ्यावे लागतील.' मी कागद मिटला, कॅमेरा सुरू केला आणि फोन रस्त्याकडे वळवला.

"नाही सर. हा आपला रस्ता."

मग सरांनी विचारलं, "हे किती वेळ राहतं?"

मी फोन मावशींसमोर धरला. "दोन-अडीच तास," मावशी म्हणाल्या. "मंग जातंय आपलं आपन. दर अवसेला न् पुनवेला, आगंमागं दोन-तीन दिस. पावसाल्यात इचारू नको."

"आपण भराव घालू. रस्ता उचलू," सर म्हणाले.

इथे मी नेहमी गप्प बसते. पण मावशींची खाचरं समोरच होती. "सर, भराव घातला तर आपण कोरडे राहू आणि हे पाणी यांच्या भातात जाईल. नाही घातला तर महिन्यातले दहा-बारा दिवस ना जनरेटरच्या डिझेलचा टँकर येईल, ना आपला ग्राहक त्याच्या मशीनपर्यंत पोहोचेल. आपण विकतो ते हेच की कधीही या. रोह्याला दुसरी केबल ओढावी लागेल, त्याला वेळ जाईल. तरी माझी शिफारस रोहा आहे."

या वेळी एकही वाक्य मी अर्धवट सोडलं नाही. सरांनी आणखी पाच-सहा प्रश्न विचारले. शेवटी म्हणाले, "रोह्याचा अहवाल सोमवारी पाठव. आणि त्यात तिथीचा रकाना घाल."

"साहेब गरम हाय काय?" फोन बंद झाल्यावर मावशींनी विचारलं.

"नाही. थोडा गार झालाय."

मावशींनी फडक्यातून तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी काढली. अवसेची चिंबोरी मांसाने भरलेली असते, असं सांगत माझ्यासाठी सहा गवतात बांधून दिल्या. मी विष्णूकाकांना व्हिडिओ पाठवला. बऱ्याच वेळाने त्यांचा फोन आला. "हे आपल्या जागेचं?" आणि मग, "वीस वर्षं, पोरी." रोह्याच्या जागामालकाशी ओळख आहे, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. बरोबर तीनला रिक्षा आली, तेव्हा रस्त्यावर फक्त ओल उरली होती.

परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. पिशवीतल्या चिंबोऱ्या अधूनमधून हलत होत्या, त्यामुळे शेजारी कोणी बसलं नाही. आजवर पाहिलेली गावं मी आठवत होते. बहुतेक ठिकाणी मी सुट्टीच्या, सोयीच्या, दुसऱ्या कोणी निवडलेल्या दिवशी गेले होते, आणि तेवढ्यावर त्यांच्याविषयी मत करून घेतलं होतं. घाट चढताना अहवाल उघडला. 'शिफारस'पुढचं पेण खोडून रोहा लिहिलं, आणि खाली माझं पूर्ण नाव.