चर्चजवळची खोली

पणजीतलं ते हॉटेल मी चर्चजवळ आहे म्हणून ठरवलं होतं, असं आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बऱ्याच लोकांना अजूनही वाटतं. ते खरं नाही. मी ते ठरवलं, कारण कॅसिनोच्या बोटी जिथून सुटतात ती जेट्टी त्याच्या दारासमोर होती. चर्चही जवळ होतं. त्यामुळे बायकोला मी जे सांगितलं त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरीही ते सगळं खोटं होतं.

आम्ही भिंगारचे. मी लष्कराच्या एका डेपोत कारकून आहे, वर्दी नसलेल्यांपैकी. बायको नगरमधल्या शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवते. आमची घराणी मिशनच्या काळात प्रोटेस्टंट ख्रिस्ती झाली आणि तेव्हापासून आमच्या घरात दारू आणि पत्ते आले नाहीत. वडील मास्तर होते. लहानपणी एकदा शेजाऱ्यांच्या ओट्यावर मी हातात पत्ते धरून बसलेला त्यांना दिसलो. ते रागावले नाहीत, मारलंही नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेत मात्र त्यांनी माझ्यासाठी एवढा वेळ मागणं केलं की आईनं चुलीवर ठेवलेलं कालवण करपलं. मार परवडला असता.

अशा माणसाच्या डोक्यात कॅसिनो शिरला तो डेपोच्या कँटीनमध्ये. माझा एक सहकारी मेव्हण्याबरोबर पणजीला जाऊन आला होता.

"लई भारी हाय राव," तो सांगत होता. "बोट पाण्यात उभी. आत गालिचा. वेटर असा वाकून सर म्हनतो, वाटतं आपुन कलेक्टरच हाय. अन् ते चाक! चाक फिरतं आन् त्यात एक पांढरी गोळी टुणटुण उड्या मारती. सगळी मानसं श्वास धरून."

"तू खेळलास?" मी विचारलं.

"मी? मी जेवलो. जेवन तिकिटातच हुतं."

सगळे हसले, मीही हसलो. पण ती पांढरी गोळी माझ्या डोक्यातून जाईना. मला जिंकायचं नव्हतं, देवाशपथ. मला फक्त ते चाक थांबताना बघायचं होतं. पन्नाशीजवळच्या माणसाला अशी इच्छा व्हावी याची मला लाज वाटत होती, म्हणून ती मी कुणालाच सांगितली नाही. बायकोला तर नाहीच.

त्याच सुमारास आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत आली. पुण्यात नोकरी करणारी मुलगी म्हणाली, "पप्पा, मम्मीला कुठंतरी घेऊन जा. दोघंच जा. मामाकडं नाही, लग्नाला नाही. फिरायला."

"कुठं जाऊ या?" मी बायकोला विचारलं.

"समुद्र," ती म्हणाली. तिला विचारसुद्धा करावा लागला नाही.

तिचं माहेर पाथर्डीकडचं. उन्हाळ्यात टँकरचा हॉर्न वाजला की हातातलं काम टाकून हंडे घेऊन पळायचं, असं तिचं बालपण. समुद्र तिनं एकदाच पाहिला होता, तोही टॅक्सीतून, आईला मुंबईच्या दवाखान्यात नेताना. टॅक्सी थांबवा असं म्हणायची ती वेळ नव्हती. परतताना आई नव्हती.

हे मला माहीत होतं. हे माहीत असताना मी जे केलं ते सांगतो.

"गोव्याला जाऊ," मी म्हणालो. ती खूश झाली. मग रोज संध्याकाळी, ती मेथी निवडत आणि मी मोबाईल धरून, आमची हॉटेलं बघणं सुरू झालं. माझं बघणं असं, की नकाशावर दोन बोटांनी जेट्टीपासूनचं अंतर मोजायचं. तिचं बघणं वेगळं. "चादरी पांढऱ्या आहेत का बघा. मळक्या चादरी रंगीतच असतात." "संडास दाखवत नाहीत म्हणजे काहीतरी लपवतायत." एका संध्याकाळी तिनंच एक जागा शोधून काढली. दक्षिणेकडच्या एका गावात अगदी किनाऱ्यावर बैठं घर होतं, एक बाई ते चालवत होती आणि तीन-चार खोल्या भाड्यानं देत होती. फोटोत खिडकी होती आणि खिडकीत, चौकटीच्या कडेपर्यंत, समुद्र भरलेला होता.

"अहो, हे बघा. खिडकीतच समुद्र आहे."

पणजी तिथून लांब होती. मी मोबाईल हातात घेतला, वाचल्यासारखं केलं आणि म्हणालो, "किनाऱ्यावर पिणारे फार असतात. रात्रभर धिंगाणा. आपल्यासारख्यांची जागा नाही ती."

असं तिथं कुणीही लिहिलेलं नव्हतं. राहून गेलेल्या सगळ्यांनी लिहिलं होतं की जागा फार शांत आहे. एकाची तेवढी तक्रार होती, की शेजारचा कोंबडा पहाटे फार लवकर आरवतो.

बायकोनं तो फोटो पुन्हा एकदा बघितला. "मग राहू दे," ती म्हणाली आणि मेथीच्या काड्या वेचू लागली.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं उभा राहून पणजीच्या हॉटेलला फोन लावला. ॲपवरून करता आलं असतं, पण आम्हा नगरवाल्यांना माणसाशी बोलल्याशिवाय बुकिंग झाल्यासारखं वाटत नाही. मॅनेजर फार अगत्यानं बोलला. मी आवाज खाली घेऊन विचारलं, "जेट्टी किती लांब आहे हो?"

"सर, चप्पल घालेपर्यंत पोचाल. कॅसिनोवाले सगळे आपल्याकडेच उतरतात. खोली नदीकडची देऊ की चर्चकडची?"

"चर्चसुद्धा आहे?"

"आहे की. मागच्या बाजूला."

मला केवढं हायसं वाटलं! नदीकडची खोली घेतली आणि खाली येऊन बायकोला सांगितलं, "चर्च पायी जाण्यासारखं आहे. आणि खिडकीतून पाणी दिसतं."

"समुद्राचं?"

"नदीचं. पण तिथली नदी समुद्रासारखीच असते."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "चर्च कॅथलिक असेल."

"हो."

"असू दे. देव काय पाटी वाचून आत येतो?"

आमच्या मंडळीत एक पद्धत आहे. लांबच्या प्रवासाला निघायचं असेल तर आधीच्या रविवारी उपासनेत उभं राहून तसं सांगायचं आणि सगळ्यांनी मिळून त्या प्रवासासाठी प्रार्थना करायची. ही पद्धत मी विसरलो नव्हतो. मला वाटलं होतं, बायको एवढंच म्हणेल की आम्ही गोव्याला जातोय, आठवण ठेवा. ती उभी राहिली, पदर सारखा केला आणि वर्गात बोलते तशा खणखणीत आवाजात म्हणाली, "आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतायत. आम्ही पहिल्यांदाच दोघं फिरायला चाललोय. मी नुसता समुद्र समुद्र करत होते. पण ह्यांनी एवढी हॉटेलं बघून चर्चजवळची खोली निवडली. प्रवासासाठी प्रार्थना करावी."

मंडळीतून कौतुकाची एक गुणगुण उठली. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी डोळे मिटले. "हे प्रेमळ पित्या," ते म्हणाले, "या तुझ्या लेकरानं परक्या गावातही तुझ्या घराजवळचा आसरा शोधला. ज्या खोलीत ती दोघं उतरतील त्या खोलीच्या खिडकीतून त्यांना तुझा महिमा दिसो."

माझे डोळे मिटलेले होते आणि मला त्या खिडकीतून दिव्यांनी झगमगणारी बोट दिसत होती. सगळ्यांबरोबर मीही आमेन म्हणालो.

बाहेर आल्यावर महिला मंडळानं मला गाठलं. "सलाम, नवरदेव!" एक मावशी म्हणाल्या. "आमच्या ह्यांना जरा शिकवा. मला महाबळेश्वरला नेलं नि खोली घेतली एसटी स्टँडसमोर. रात्रभर साताऱ्याच्या गाड्या ओरडत होत्या." सगळ्या हसल्या. बायको माझ्या शेजारी उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता तो मी यापूर्वी फक्त मुलीच्या निकालाच्या दिवशी पाहिला होता.

सोमवारी डेपोत माझं कामात लक्ष लागेना. शेवटी मी बाहेर येऊन हॉटेलला फोन केला आणि म्हणालो, "माझी खोली बदला. चर्चकडची द्या."

"सर, लोक नदीकडच्या खोलीसाठी भांडतात हो."

"मला चर्चकडचीच पाहिजे."

"जशी इच्छा. तिकडून चर्चचा मनोरा दिसेल. आणि आमचा जनरेटर."

मी मोकळा झालो. कॅसिनो मनातून काढून टाकला, पाळकसाहेबांची प्रार्थना खरी केली, आता कुणाचं काही देणं लागत नाही, असं म्हणत मी स्कूटरवरून घरी आलो. बायको प्रवासासाठी शेंगदाणे भाजत होती, चटणीचे. मी आत जाताजाताच सांगितलं, "खोली बदलून घेतली. आता खिडकीतून चर्चच दिसेल."

तिचा हात तव्यावर थांबला. "पाणी?"

"पाणी आता मागच्या बाजूला."

"म्हणजे दिसणार नाही?" ती माझ्याकडं वळली. "अहो, मी खाट खिडकीशी ओढून घेणार होते. समुद्र नाही तर नाही, नदी तरी. चर्च काय, आपल्याला इथं आहेच की."

मी तिथेच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. कँटीन, ती पांढरी गोळी, गच्चीवरचा फोन, आणि शेवटी तो शांत किनारा आणि त्याबद्दलची एकमेव तक्रार, कोंबड्याची. शेंगदाणे तव्यावर तसेच करपले. आमच्या घरात पाप उघडं पडलं की काहीतरी करपतंच.

"कॅसिनो?" ती शेवटी म्हणाली. "तुम्ही? तुम्ही तर सापशिडीत हरलात तरी लहान पोरासारखे रुसता." मला वाटलं ती हसतेय. ती हसत नव्हती. "चाक बघायचं होतं तर बघायचंय म्हणायचं. मी काय पाळकसाहेब आहे? पण तुम्ही मला समुद्राची भीती घातलीत."

"चुकलं माझं," मी म्हणालो. "पण मला वाटलं, तू काय म्हणशील. वडिलांनी लहानपणापासून असं वळण लावलं, की..."

"थांबा. माझ्या वर्गातली पोरं अशीच माफी मागतात. बाई सॉरी, पण त्यानं आधी ढकललं. अशा माफीला मी पोराला जागेवर बसवते आणि सांगते, नीट आठव आणि मग ये."

मी जागेवरच बसून राहिलो. तिनं माझ्या खिशातून मोबाईल काढून घेतला, ती जागा पुन्हा शोधली आणि स्वतः फोन लावला. त्या बाईंना तिनं चादरीचं विचारलं नाही, संडासाचंही नाही. "मला एवढंच सांगा," ती म्हणाली, "खाटेवर पडून समुद्र दिसतो का, की उठून उभं राहावं लागतं?" पलीकडचं उत्तर ऐकून तिच्या कपाळावरची आठी गेली. पणजीचं बुकिंग मी रद्द केलं. मॅनेजर म्हणाला, "सर, तुम्हाला नक्की काय बघायचंय ते एकदा ठरवा." बरोबर बोलला.

आम्ही गेलो. पोचलो त्या दिवशी ती दुपारभर खिडकीपासून हलली नाही. संध्याकाळी मात्र तीच म्हणाली, "चला, तुमचं चाक बघून येऊ." मी नको नको म्हणत होतो, पण तिनं मला बसमध्ये बसवलं. पणजीत आधी त्या पांढऱ्या चर्चच्या पायऱ्या चढलो, मग नदीकाठी गेलो. बोटी खरंच झगमगत होत्या. जेट्टीवरच्या माणसानं माझ्या पायांकडं बघितलं आणि नम्रपणे म्हणाला, "सॉरी सर, आत चप्पल चालत नाही. बूट लागतात."

भिंगारच्या बाजारातून खास प्रवासासाठी घेतलेली माझी नवी चप्पल. बायको काठावरच्या कठड्याला धरून एवढी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "यासाठी," तिला बोलता येईना, "यासाठी अख्ख्या मंडळीला प्रार्थनेला बसवलंत!" मीही हसलो. आइस्क्रीम खाल्लं आणि परत आलो.

पहाटे शेजारचा कोंबडा आरवला. अंधार नुकताच फिकट होत होता. बायको आधीच जागी होती, आपली खाट तिनं खिडकीशी ओढलेली होती आणि चादर खांद्यावर घेऊन ती बाहेर बघत होती. कोंबडा पुन्हा आरवला.

"हाच का हो तुमचा धिंगाणा?" ती वळून न बघता म्हणाली.

मी उठून तिच्या शेजारी जाऊन बसलो. खिडकीच्या चौकटीत कडेपर्यंत समुद्र होता, फोटोत होता तसाच, फक्त हलणारा. टॅक्सीतल्या त्या दिवसानंतर हा तिच्यासमोर यायला एवढी वर्षं लागली होती, आणि अगदी हाताशी आलेला असताना मी तो तिच्यापासून काढून घेतला होता. वडील, वळण, कँटीन, काहीही मध्ये न आणता मी म्हणालो, "तुला समुद्र बघायचा होता आणि मी खोटं बोलून तुला अडवलं. मला माफ कर."