दंडांसाठी दिलेली पूड

रशीद गावाजवळच्या खजुरीच्या पट्ट्यात शलबीच्या पायाखालून न गेलेलं झाड शोधून सापडलं नसतं. कमरेभोवती आणि खोडाभोवती एकच जाड दोर, पाठ त्या दोरावर रेललेली, अनवाणी पावलं छाटलेल्या झावळ्यांच्या खुंटांवर. असा तो वर जायचा, आणि वरूनच सगळ्यांना अक्कल शिकवायचा. बायका ओरडायच्या, "आधी खाली ये, मग शहाणपण सांग!"

लहानपणी कालव्यात डुंबताना अंगात शिरलेल्या किड्यांनी त्याचं यकृत पोखरलं होतं. पन्नाशीत पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि दंड सोललेल्या काटक्यांसारखे झाले. यकृत बिघडलेल्या माणसाला मांस-अंडं म्हणजे विष, असं शेजारपाजारचे सांगत. त्याची बायको इन्साफ हिनं ते मनावर घेतलं आणि दोन वर्षं त्याला मध आणि उकडलेल्या बटाट्यांवर ठेवलं. तिच्या मायेनंच तो वाळत गेला.

दमनहूरच्या डॉक्टरीणबाईंनी ऐकून कपाळाला हात लावला. "अहो, थकलेल्या यकृतात साठा उरत नाही. माणूस उपाशी झोपला की शरीर त्याचेच स्नायू जाळतं. अंडी द्या, उसळ द्या. आणि ही प्रथिनांची पूड रोज झोपताना दुधातून. यकृत काही यानं बरं होणार नाही, पण दंडांत थोडा जीव राहील."

"खजुरीवर चढता येईल?" शलबीनं विचारलं.

"आधी हात न टेकता खुर्चीतून उठून दाखवा."

अंगणात त्याच्या बापानं लावलेली एक खजूर होती. गावची बाकीची झाडं आता त्याचा चेला अत्रीस बघत होता. हे एक मात्र फुलोऱ्याच्या दिवसांत आपणच चढायचं, त्याच्या मादी फुलांवर नराचे पराग आपल्याच हातानं झाडायचे, एवढंच शलबीला हवं होतं.

मुलानं अलेक्झांड्रियाहून पुडीचा डबा धाडला. काही आठवड्यांतच शलबी बाकावरून हात न टेकता उठला. इन्साफनं लग्नघरात बायका जीभ हलवून देतात तशी आनंदाची लांब किलकारी दिली.

ती ऐकून लोक तब्येत विचारायला येऊ लागले.

"यांना दुधातून ती पूड दे," शलबी म्हणाला.

"अहो, ती तुमची आहे. मी चहा टाकते."

"चहा कुणाच्याही घरी मिळतो. पोरानं काय धाडलंय ते कळू दे की लोकांना."

पाहुण्यांनी ग्लास रिकामे केले. "व्हॅनिलाचा वास! शलबी, तुझं आजारपण आम्हाला चांगलंच मानवतंय बघ." सगळे हसले. शलबी सर्वांत मोठ्यानं हसला. अत्रीस तर रोज यायचा, आणि रोज प्यायचा.

शलबीच्या ग्लासातलं दूध पातळ होत गेलं. पाहुण्यांसमोर तो पुडीशिवाय नुसतं दूधच पीत असे. फुलोरा फुटायच्या आत डब्याचा तळ दिसला. मुलाकडं पुन्हा मागायचं त्याला जमलं नाही. तो परत हात टेकून उठू लागला, तेही कुणी बघत नसताना.

फुलोरा फुटला, तसा अत्रीस पराग घेऊन आला. "काका, मी जातो वर."

"तू खाली उभा राहा आणि तोंड मीट."

शलबीनं दोर बांधला. पावलांना सगळं आठवत होतं. माणूसभर उंचीवर मात्र दोर वर सरकवायला हात उठेनात. खालीही येववेना. शेवटी अत्रीसनं त्याचे पाय कवेत घेतले आणि पोराला उतरवावं तसं उतरवलं.

"आल्यागेल्याला पाजलंत!" इन्साफ फुटली. "तुमच्या दंडांचं औषध ते! हाही रोज पीत होता."

अत्रीसचा चेहरा उतरला. "काका, ते औषध होतं? मला वाटलं, घरातलं काहीतरी गोड असेल."

"पाहुण्याला दिलेलं बोलून दाखवायचं नसतं, इन्साफ." शलबीनं कमरेचा दोर सोडून अत्रीसच्या हाती दिला. "जा. पूर्वेकडचा घोस आधी घे."

अत्रीस चढला. वरून परागांचा पांढरा भुगा भुरभुरत खाली येत राहिला. शलबी भिंतीला टेकून बसला होता. वर मान करून त्यानं एकदाही पाहिलं नाही, की चुकलं-माकलं सांगितलं नाही.

फाटकाशी कुणीतरी खाकरलं. "शलबी, कसं आहे बाबा आज?"

इन्साफनं नवऱ्याकडं पाहिलं.

"घरी नाही म्हणून सांग," तो म्हणाला.