समोर कोणी राहत नाही

मतदानाच्या दिवशी सकाळी सव्वादहाला सुमनताई शेलारांना केंद्रावर सांगितलं गेलं, की तुमचं नाव यादीतून काढलंय, तुम्ही त्या पत्त्यावर राहत नाही. त्या बत्तीस वर्षं त्याच घरात राहतात. मी वस्तीत मतदार चिठ्ठ्या वाटतो, म्हणून त्या मला हाताला धरून बिल्डिंगमध्ये घेऊन आल्या.

समोरच्या वहिनींनी जाळीचं दार न उघडताच कबूल केलं. "अहो, प्रचारवाले, सर्व्हेवाले, दिवसभर बेल! यादीवाल्या बाई घरोघर नावं तपासायला आल्या तेव्हा तुमच्या दाराला कुलूप होतं. कटकट नको म्हणून सांगून टाकलं, समोर कोणी राहत नाही."

"मग वहिनी, विरजण कोणाकडून नेता? भुताकडून?" सुमनताईंनी विचारलं.

वहिनी हसल्या नाहीत. आतलं दारही लागलं.

सुमनताई भिंतीला टेकल्या, आणि मला उगाचच वाटलं, यांची सावली पडत नाहीये. मी चिडून त्या मजल्यावरची एकेक बेल दाबत गेलो. बेल वाजली की आतला टीव्ही गप्प व्हायचा. दाराच्या भिंगातला उजेड विझायचा, म्हणजे पलीकडे कोणीतरी डोळा लावून उभं असायचं. दार एकही उघडलं नाही. माणसांनी भरलेली इमारत भरदिवसा रिकामी असल्याचं सोंग करत होती.

वस्तीतल्या मंडळींनो, तुम्हाला निवडणुकीचा वीट आलाय, आणि तो भोंगे लावून आम्ही कार्यकर्त्यांनीच आणलाय. पण त्या विटापायी एक जिवंत बाई पुसली गेली. यादीवाल्या बाई पुन्हा येतील. दार उघडा, आणि शेजाऱ्यांची नावं त्यांना पूर्ण सांगा.