गयाबाईंनी उठवलेलं गिऱ्हाईक

स्वतःच्याच हॉटेलात ज्याचा शब्द चालत नाही आणि वर त्याचा ज्याला अभिमान वाटतो, असा मालक उभ्या हिंगोली जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला.

आखाडा बाळापूरच्या रस्त्यावर साडूंचं जेवणाचं हॉटेल आहे. तिथला कायदा असा, की ताट ज्यानं वाढलं, त्या ताटाचा निकालही त्यानंच लावायचा. जास्तीचा रस्सा द्यायचा का, खारट भाजी बदलायची का, हे विचारायला कुणी वाढपी गल्ल्यावर आला की साडू उखडतात. "मला काहून इचारून राहिला? गिऱ्हाईक तुझ्यासमोर बसलंय का माझ्या?" एकदा वांगी करपली, तर वाढप्यानं परस्पर जाहीर करून टाकलं, "आज वांगं खाऊ नका, पिठलं घ्या." पातेलंभर भाजी तशीच राहिली. मी हसलो, तर साडू म्हणाले, "बराबर केलं त्यानं. म्या चाखलं, लई वंगाळ." आणि स्वतःसाठीही पिठलंच मागवलं.

गेल्या लग्नसराईत मात्र हे अंगाशी आलं. एक बडे आडत दुकानदार लेकीच्या लग्नाच्या जेवणाचं काम साडूंना देणार होते, आणि त्या भरवशावर हॉटेलचे गळके पत्रे बदलायचे ठरले होते. बोलणी करायला शेठ आले, जेवायला बसले, आणि भाकरी गार लागली म्हणून त्यांनी ती वाढणाऱ्या गयाबाईंच्या अंगावर फेकली. गयाबाईंनी समोरचं ताट उचललं.

"उठा. तुमाला इथं जेवण न्हाई."

शेठ तणतणत गल्ल्यावर आले. "या बाईला आत्ताच्या आत्ता काढा, न्हाई तर लग्नाचं इसरा!"

साडूंना दरदरून घाम फुटला. मला वाटलं, आता कायदा गुंडाळला. पण साडूंनी हात जोडले आणि अगदी आदबीनं म्हणाले, "शेठ, बाईनं उठा म्हणलं नं? मंग इथं माझं काय चालतंय?"

लग्न दुसरीकडं गेलं. मेहुणीनं अबोला धरला. पत्रे गळतच राहिले, आणि टेबलांच्या मधे बादल्या आल्या.

"साडूभाऊ, गोड बोलून मिटवता आलं असतं की," मी म्हणालो.

साडू वाटीतली बडीशेप चिवडत म्हणाले, "लग्नाआधी म्या नांदेडला वाढपी होतो. एका गिऱ्हाइकानं थोबाडीत मारली. ते कवाच इसरलो. पण मालक त्याला काय म्हणला, ठाव हाय? 'साहेब, हाताला तकलीफ तर न्हाई झाली?' ते काई इसरल्या जात न्हाई."

एरवी साडूंची चेष्टा केल्याशिवाय मला तिथं जेवण जात नाही. त्या दिवशी हा माणूस मला फार फार आवडला, आणि मी मान खाली घालून मुकाट जेवलो.