चराची फक्की

आमच्या साताऱ्याच्या रनिंग क्लबची संध्याकाळची शर्यत म्हणजे निव्वळ हौस. टेकडीवर पाच किलोमीटर पळायचं, दम लागला तर चालायचं, खाली आल्यावर भेळ खायची. वाट कळावी म्हणून क्लबची माणसं दुपारीच वळणावळणावर फक्की टाकून ठेवतात, मैदान आखायची ती पांढरी पूड. मी मात्र त्या दिवशी हौसेला गेले नव्हते. वडिलांची परीक्षा घ्यायला गेले होते.

आबा फौजेतून निवृत्त झालेले, वय चौऱ्याहत्तर, उंब्रजजवळच्या गावी एकटे राहतात. महिन्यापूर्वी आत्याकडे आष्ट्याला निघाले आणि भलत्याच थांब्यावर उतरून दुपारभर तिथंच बसून राहिले. भावानं पुण्याहून फर्मान काढलं, घराला कुलूप लावायचं आणि त्यांना इकडं आणायचं. मी कडाकडा भांडले. शेवटी तो म्हणाला, "तू नीट बघ आणि सांग. तू म्हणशील तसं." म्हणून आबांना शर्यतीला आणलं, खरं कारण न सांगता. त्याची लाज तेव्हाही वाटत होती.

निम्म्या वाटेत आम्ही सगळ्यांच्या मागे पडलो. एका फाट्यावर उजवीकडे फक्कीची ठळक रेघ गेली होती. मी वळले. आबा थांबले.

"आगं, ही आपली न्हाई. आपली वाट डावीकडनं खाली जाती."

"आवं आबा, फक्की दिसतीया की ढळढळीत. चला."

"ही चराची हाय."

कसला चर? झालं, म्हटलं, सुरू झालं यांचं. चिडून त्यांचा दंड धरला आणि रेघेवरून चालू लागले. तेही आले.

वीसेक मिनिटांनी मला काही उमजेना. मावळता सूर्य समोर होता, तो पाठीशी आला. शहर दिसेनासं झालं. पुढं माणूस नाही, मागं माणूस नाही, रेघ मात्र चाललेलीच. आबांचं ऐकावं, तर तेच चुकत असले म्हणजे? आणि ते बरोबर असतील, तर मग बिघडलंय कुणाचं?

"मगाधरनं चढ लागला का तुला?" आबांनी विचारलं.

"न्हाई."

"उतार?"

"न्हाई."

"मग? पानी आडवायला चर खणायचा आसला की आदी आशी रेघ मारत्यात, एकाच पातळीवर, डोंगराला वळसा घालून. आमच्या गावात मीच मारलीया. हिच्यावरनं जलमभर चाललीस तरी खाली जायची न्हाईस."

मी मागे फिरले. फाट्यावर डावीकडे फक्कीचे तीन बाण होते, चांगले हातभर लांब. मला ते दिसलेच नव्हते.

"ठावं हुतं, तर माझ्यामागनं आलासा कशाला?"

"तू ऐकंनास. मग एकटीला सोडू व्हय डोंगरात?"

मला रडू आलं. ते त्यांनी पाहिलं नाही, किंवा पाहूनही दाखवलं नाही.

खाली सगळे खोळंबले होते. शेवटचा गडी आल्याशिवाय भेळ कालवायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. आबांसाठी टाळ्या वाजल्या. मला हायसं वाटलं, आणि तेवढ्यात आबा सरळ कुणाच्यातरी निळ्या गाडीकडे गेले आणि तिचं दार ओढू लागले. आमची गाडी पांढरी. अंधारून आलं होतं, दमलेही होते. कुणाचंही होतं असं. होतं ना?

मी त्यांना आमच्या गाडीत बसवलं आणि भावाचा फोन वाजला.

"त्येचाच न्हवं?" आबा समोर बघत म्हणाले. "माझं काय ठरीवलंय, ते सांगून टाक त्येला."

म्हणजे त्यांना सुरुवातीपासून माहीत होतं.

"घराला कुलूप लावायचं नाही," मी भावाला सांगितलं. निळ्या गाडीचं मात्र बोलले नाही.