समुद्रकाठचा दरवाजा, मुक्काम दारव्हा

धंदा जोरात असला की किस्से होत नाहीत. वेळच नसतो हो! धंदा बसला की मग दिवसभर खुर्च्या टाकून बसा, चहा प्या आणि जे काय थोडंफार घडेल ते एकमेकांना सांगत सुटा. शब्बीरभाईंच्या शटरच्या दुकानात त्या वर्षांत इतके किस्से जमले, की त्यावरून धंद्याचं काय झालं होतं ते तुम्हीच ओळखा.

कापसाचे वाईट दिवस होते. भाव पडलेला, सरकी काढणारे जिनिंगचे कारखाने एकामागून एक बंद. जिनिंग बंद तर गोदामं बंद, आणि गोदामं बंद तर नवं शटर बसवतो कोण? दारव्ह्याला रोडवर आमचं दुकान. मालक शब्बीरभाई, जुने फिटर लहानुभाऊ, आणि मापं घ्यायला, वेल्डिंग करायला आणि बोलणी खायला मी. चौथा होता लहानुभाऊंचा पोरगा सिद्धार्थ. हाताला काम उरलं नाही म्हणून तो कोकणात गेला, गॅरेजचे दरवाजे बनवणाऱ्या एका कंपनीत फिटर म्हणून लागला. तिकडे बंगले, गाड्या, दमट हवा, खारा वारा. त्या हवेसाठीच कंपनीचे खास दरवाजे. दोन पत्र्यांच्या मध्ये फोम, कडेनं रबर. ना ऊन आत शिरणार ना ओल. काम भरपूर, म्हणून सुट्टी नाही. दोन दिवाळ्या झाल्या, पोरगं घरी आलं नव्हतं. शेवंतावहिनी, म्हणजे त्याची आई, दुकानात डबा घेऊन यायच्या आणि आधी विचारायच्या, "फोन आलता का जी त्याचा?"

लहानुभाऊंनीच मग शब्बीरभाईंच्या डोक्यात भरवलं. "भाई, त्या कंपनीची एजन्सी घ्या ना. इकडं दरवाजे खपले, तर माह्या पोराले इकडंच ठेवतीन."

शब्बीरभाईही माशा मारून कंटाळले होते. घेतली एजन्सी!

*

एजन्सी दिल्यावर कंपनीचा साहेब आला. एप्रिलचा महिना, आणि हा गळ्यात टाय लावून! आम्हा तिघांना आणि चहावाल्याला समोर बसवून त्यानं कॅटलॉग उघडला. प्रत्येक फोटोत एक बंगला, एक नारळाचं झाड आणि मागे समुद्र.

"खाऱ्या हवेत लोखंड सडतं," साहेब म्हणाला. "आमचा दरवाजा सडत नाही. लाटांचे तुषार उडाले तरी काही होत नाही!"

शब्बीरभाईंनी मान पुसली. "साब, वो तो ठीक है. लेकिन यहां समुंदर किधर है?"

साहेबानं शांतपणे कॅटलॉग मिटला. "दरवाजा पंचवीस वर्षं टिकतो," तो म्हणाला. "तोवर काय सांगता येतं?"

टाळ्या फक्त चहावाल्यानं वाजवल्या.

*

कंपनीनं नमुना म्हणून एक दरवाजा पाठवला. तो लोखंडी चौकटीत बसवून आम्ही दुकानासमोर उभा केला. मागे भिंत नाही, बाजूला भिंत नाही. नुसता दरवाजा! आणि शब्बीरभाई रोज संध्याकाळी तो खाली ओढायचे आणि कुलूप घालायचे.

मी म्हटलं, "भाई, बाजूनं बैलगाडी जाईन. कुलूप कायले लावता?"

"दरवाजा आहे ना? दरवाज्याला कुलूप लागतेच!"

एकदा सकाळी भाई किल्ली घरी विसरून आले. शेजारच्या दुकानातल्या पोऱ्याला किल्ली आणायला पाठवलं आणि आम्ही तिघं रस्त्याच्या बाजूला उन्हात उभे. बराच वेळ झाला. चहावाला आला, त्यानं आमच्याकडे पाहिलं, दरवाज्याकडे पाहिलं, बाजूनं फिरून पलीकडे गेला आणि तिथून ओरडला, "चहा आत ठेवू का बाहेर आणू?"

*

महागावच्या एका कृषी केंद्रवाल्याचा निरोप आला, गॅरेजला दरवाजा पाहिजे. लहानुभाऊ इतके खूश झाले की धुतलेला सदरा घालून आले. एसटीनं गेलो. पाहतो तर त्याची कार अंगणात ताडपत्रीखाली आणि गॅरेजमध्ये कापूस! जमिनीपासून पार छतापर्यंत ठासलेला.

आता हा दरवाजा काही बाजूला उघडत नाही. तो वर सरकत जातो आणि छताखाली आडवा होतो. छताखाली जागा पाहिजे की नको? तरी लहानुभाऊ टेप घेऊन कापसावर चढले. कमरेपर्यंत आत गेले, मग छातीपर्यंत गेले. मी हात धरून ओढून काढले तेव्हा मिशीपण पांढरी झाली होती.

"भाव वाढला की काढतो," मालक म्हणाला.

"केव्हा वाढन जी?"

मालकानं आमच्याकडे दमल्यासारखं पाहिलं. "तुमचा दरवाजा किती वर्सं टिकते म्हणता?"

"पंचवीस."

"मंग थांबा थोडे!"

परत येताना एसटीत आम्ही दोघं त्या साठवलेल्या कापसापायी सारखे अंग खाजवत होतो. गाडी खचाखच भरलेली, पण आमच्या बाकावर तिसरा माणूस काही बसला नाही.

*

खपला तो एकच दरवाजा. यवतमाळच्या एका डॉक्टरांनी घेतला. गॅरेज थंड राहतं म्हणून डॉक्टरांनी गाडी बाहेर काढली आणि स्वतः आत गेले. दुपारच्या झोपेसाठी खाट टाकली, पाण्याचा कूलर लावला, दरवाजा घट्ट बंद केला.

आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवायची. पण डॉक्टरांना वाटलं, एवढा भारी दरवाजा घेतला तर उघडा कशाला ठेवायचा?

मे महिन्यात फोन आला. "अहो, तुमचा दरवाजा गळून राह्यला!"

आम्ही धावत गेलो. दरवाजा वर केला तर आतून वाफ यावी तशी हवा आली. भिंतीला घाम, चादर ओली, पेपरचा लगदा झालेला. शब्बीरभाई आत गेले आणि लगेच बाहेर आले. चष्म्यावर धुकं आलं होतं. तो काढून त्यांनी पुसला.

"वो टायवाला साब सही बोला था," भाई म्हणाले. "आ गया समुंदर!"

*

त्याच दरवाज्याची पुढे स्प्रिंग गेली. आम्ही कंपनीला फोन केला, तर तिकडून ताकीद मिळाली: "कोणी हात लावू नका. कंपनीच्या फिटरशिवाय हात लागला तर गॅरंटी गेली. आमचा माणूस येईल."

आमचा माणूस येईल म्हटल्यावर लहानुभाऊंचा चेहरा असा खुलला, की काय सांगू! शेवंतावहिनींनी चुलीवर माठ पालथा घालून त्यावरच्या लांब रोट्या केल्या, पोराला आवडतात म्हणून. लहानुभाऊ सकाळपासून स्टँडवर जाऊन बसले.

गाडीतून उतरला एक वाळका मालवणी माणूस. आडनाव गावडे.

लहानुभाऊंनी हात पुढे केला. त्याची बॅग घेतली आणि चालू लागले. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

गावडेंनी स्प्रिंग बसवली खरी, पण दुपारी त्यांच्या नाकातून भळाभळा रक्त! आपल्याकडे उन्हाळ्यात घोळणा फुटतो, त्याचं काय एवढं? डोक्यावर पाणी मारलं, ओला टॉवेल ठेवला. गावडे मात्र हादरले. "आमच्याकडे घाम येता हो, रगत नाय! मी परत येवचंय नाय. फुडच्या खेपेक तुमच्याकडचोच तो सिद्धार्थ धाडा म्हणान सांगतंय."

लहानुभाऊ एकदम पुढे सरकले. "नक्की सांगसान ना जी?"

त्यांना घरी नेऊन त्या लांब रोट्या खाऊ घातल्या. परत स्टँडवर सोडताना आणखी एकदा विचारलं, "सांगसान ना?"

*

एकाच दरवाज्यावर एजन्सी किती दिवस चालणार? कंपनीनं ती बंद केली. नमुन्याचा दरवाजा परत नेणंही त्यांना परवडत नव्हतं. शब्बीरभाई त्याच्यासमोर खुर्ची टाकून कितीतरी वेळ बसून राहिले. आम्ही सगळेच थकलो होतो. भंगारवाल्याला बोलवावं, असं मीच म्हणालो.

"भाई, तो दरवाजा मले द्या," लहानुभाऊ म्हणाले.

"तुम्हारे पास गाड़ी किधर है?"

"गाडी कायले पाह्यजे? दरवाजा पाह्यजे."

शब्बीरभाईंनी कुलपासकट दिला. लहानुभाऊंनी एकच गोष्ट विचारली, पण दोनदा विचारली. "याची गॅरंटी चालू हाय ना?"

तिघांनी मिळून तो त्यांच्या ओसरीला बसवला. टिनाचं घर, दोन खोल्या, आणि पुढे कॅटलॉगमधला दरवाजा! सारा मोहल्ला पाहायला आला. "जय भीम, लहानुभाऊ! कार केव्हा येते?"

"येईन," लहानुभाऊ म्हणाले.

*

दिवाळीच्या सुमारास लहानुभाऊ दुकानात यायचेच बंद झाले. न सांगता खाडा करणारा माणूस नव्हे तो. शब्बीरभाई मला म्हणाले, "चल, देखते हैं. तबीयत बिगडली असन."

गेलो. दरवाजा अर्ध्यावर अडकलेला. वाकून आत शिरलो, तर ओसरीत खाटेवर सिद्धार्थ! कंपनीचा निळा शर्ट अंगावर, अवजारांची बॅग उशाला, डोळे मिटलेले. आत शेवंतावहिनी माठावर रोट्या टाकत होत्या, आणि गुणगुणत होत्या. लहानुभाऊंनी तोंडावर बोट ठेवून आम्हाला बसायला सांगितलं.

"सुट्टी मिळाली?" मी हळूच विचारलं.

"सुट्टी कायची? कंपलेंट केली मी. दरवाजा बिघडला."

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. कंपनीची बाई होती. आवाज आम्हालाही ऐकू येत होता. "सर, आमचा फिटर येऊन बरेच दिवस झाले. दरवाजा लागतो का आता?"

लहानुभाऊंनी पोराकडे पाहिलं. मग आत चुलीकडे पाहिलं.

"नाई जी मॅडम. अर्ध्यातच अडकते. खाली येऊनच नाई राह्यला."

"ठीक आहे सर. मग काम पूर्ण होईपर्यंत तो तिथेच थांबेल."

"हो जी. थांबू द्या. घाई नाई आमाले."

शब्बीरभाई शेवटी शटरवाले. दरवाजा अडकला म्हटल्यावर त्यांना बसवेना. उठून बघायला गेले. इकडची पट्टी पाहिली, तिकडची चाकं पाहिली, सगळं चोख. मग खाली वाकले. कोपऱ्यात दरवाज्याच्या खाली घरातलं मुसळ उभं करून ठेवलेलं होतं.

भाईंनी मुसळाला हात घातला.

"भाई, हात नोका लावू," खाटेवरून आवाज आला. सिद्धार्थनं डोळेही उघडले नव्हते. "कंपनीच्या फिटरशिवाय कोणाचा हात लागला, तर गॅरंटी जाते."